ना-नफा वृत्तसंस्था आणि वर्गणीदार

साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले आणि १९४८ मध्ये मुंबईत ‘साधना’. ‘साधना’ आजही विश्वस्त संस्थेच्या आधारावर चालते. नफ्याची आस न धरता नियतकालिक चालविता येते, हा विचार खानदेशाला परका नाही.

अमेरिकेतील अशा ना-नफा वृत्तसंस्थांनी २००९ मध्ये आपली संघटना उभारली. मोठ्या देणगीदारांची नावे जाहीर करणे आणि त्यांना संपादनात ढवळाढवळ करू न देणे, या तिच्या सदस्यत्वाच्या अटी आहेत. आपल्याकडेही २०२० मध्ये स्वतंत्र डिजिटल वृत्तसंस्थांची ‘डिजिपब’ स्थापन झाली. जळगाव-धुळ्यातील एखाद्या लहान विश्वस्त वृत्तसंस्थेने अशा संघटनेचे सदस्य व्हावे काय?

अवश्य व्हावे. केळीच्या पीकविम्याची वा नळपाण्याच्या योजनेची अप्रिय बातमी छापल्यावर जाहिराती थांबतात, अब्रूनुकसानीच्या नोटिसा येतात. अशा वेळी एकट्या संपादकापेक्षा संघटनेच्या शब्दाला अधिक वजन असते. शिवाय अटी पाळताना स्वतःचा हिशेबही उघडा ठेवावा लागतो.

तथापि, सदस्यत्वाबरोबर परदेशी पैसा येईल, ही आशा व्यर्थ होय. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्रांना, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून बातम्या देणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घेण्यास मनाई आहे. तेव्हा भार उचलावयाचा तो येथल्याच वाचकांनी. शिक्षक व कारकून यांनी वार्षिक वर्गणी भरावी आणि वर्षअखेर हिशेब मागावा. संघटना पाठीशी उभी राहील. पण संस्था जगवावी लागेल ती वर्गणीदारांनीच.