लेखनिक फक्त परीक्षेपुरताच का?

जानेवारी उजाडला की दहावी-बारावीच्या मुलांचे हात मोडायला लागतात. हसू नका मंडळी, पस्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर बोलतो आहे. डिसेंबरात क्रीडामहोत्सव, पाठोपाठ स्नेहसंमेलन, त्यात क्लासला जायची घाई आणि हातात नवी कोरी स्कूटी (लायसन्स कुठलं असायला!). मनगटाचं हाड मोडलं तर प्लास्टर साधारण सहा आठवड्यांचं, आणि परीक्षा फेब्रुवारीत. करा हिशेब.

यंदा माझ्या पुतणीच्या मुलीचं हेच झालं. कबड्डी, आणि नेमका उजवा हात. शाळेच्या ऑफिसातून उत्तर मिळालं, "जुलैत पुरवणी परीक्षा असते, तेव्हा बसवा की." रात्री पुतणीचा फोन. "काका, पोरीचं वर्ष जाईल का हो?"

वर्ष जायचं काहीच कारण नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज, एवढं केलं की लेखनिक मिळू शकतो. तो खालच्या वर्गातला हवा. दहावीला नववीचा, बारावीला अकरावीचा. शाळेने ठरवलं तर फार दिवसांचं काम नाही. पण "जुलैत बसवा" म्हणणं सोपं असतं. जुलैपर्यंत अकरावीचे प्रवेश सुरू झालेले असतात, याचा विचार त्या टेबलापलीकडच्या माणसाने करायचा नसतो.

निवृत्तीनंतर मला कायदे वाचायची खोड लागली आहे, म्हणून थोडं सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर केंद्राने २०१८ साली लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका स्पर्धापरीक्षार्थीच्या बाजूने निकाल दिला. लिहिताना त्याचा हात आखडायचा, पण ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळण्याइतकं ते नव्हतं. तेवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठीही सूचना निघाल्या. दिव्यांगांनी झगडून मिळवलेला हा हक्क आहे, आणि तो त्यांचाच. पण कायद्याच्या व्याख्येत 'दीर्घकालीन' हा शब्द आहे. सहा आठवड्यांचं प्लास्टर त्यात बसत नाही. त्या मुलाचं सगळं मुख्याध्यापकांच्या आणि मंडळाच्या समजुतीवर.

बरं, समजूत दाखवली आणि लेखनिक मिळाला. मग झालं का? माझं म्हणणं इथून सुरू होतं. लेखनिक मिळतो तो पेपरच्या दिवशी, आणि हात मोडलेला असतो त्याच्या कितीतरी आधीपासून.

सांगून लिहवून घेणं ही वेगळी विद्या आहे. एरवी आपण लिहिता लिहिता विचार करतो, हात चालतो तसं पुढचं वाक्य सुचतं. तोंडाने सांगताना पहिलं वाक्य समोरचा लिहीत असतो, तोवर दुसरं डोक्यातून निसटतं. गणितात तर पंचाईतच. "एक्स अधिक दोनचा वर्ग" म्हटलं, तर वर्ग फक्त दोनचा की सगळ्याचा? 'कंस सुरू, कंस पूर्ण' म्हणायची सवय जिभेला लागावी लागते. भूमितीत वर्तुळाला स्पर्शिका काढायची असते. नववीच्या मुलाला ती रचना माहीत नसते, म्हणून तर तो लेखनिक असतो! त्याला कंपास किती उघडायचा, टोक कुठे ठेवायचं, कंस कुठे मारायचा हे एकेक सांगावं लागतं. आणि मराठीच्या पेपरात 'दीन' की 'दिन', हे सांगायचं राहिलं की चूक कोणाच्या नावावर? माझे काही जुने सहकारी म्हणतात, लेखनिक म्हणजे बाकीच्या मुलांवर अन्याय. त्यांनी एकदा प्रमेयाची सिद्धता बायकोला सांगून लिहवून घ्यावी, मग बोलावं.

म्हणून हात मोडल्याच्या पुढच्या आठवड्यापासून रोज अर्धा तास नववीचं कोणीतरी त्या मुलाजवळ बसायला हवं. शेजारच्या मुलाने वहीत कार्बन पेपर घातला की एका लिखाणात दोघांच्या नोट्स होतात. मोबाइलवर फोटो काढण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, वर्गातल्या वर्गात काम होतं. प्रात्यक्षिकात परीक्षानळी जोडीदाराने धरावी, काय आणि किती घालायचं ते याने सांगावं. "डाव्या हाताने लिहायला शीक" असं काही शिक्षक उत्साहाने सांगतात. सहीपुरतं ठीक आहे, पण सहा आठवड्यांत तीन तासांचा पेपर डाव्या हाताने होत नाही.

हे मोठ्या मुलांबाबत जास्त जपायला हवं. दुसरीतल्या पोराचा हात गळ्यात आला की सगळा वर्ग त्याचं दप्तर उचलायला धावतो. सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, "काही नाही सर, चालेल," आणि सहा आठवडे कोरी वही घेऊन मागच्या बाकावर बसतो. त्याने मागायची वाट बघू नये.

ऐंशीच्या दशकात मी काही वर्षं मुंबईत रात्रशाळेत शिकवत होतो. दहावीत चोविशीचा एक विद्यार्थी होता, दिवसा वर्कशॉपात प्रेस मशीनवर. त्या मशीनने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. महिनाभराने तो परत आला, तो नाव काढून घ्यायला. आमचे मुख्याध्यापक हुशार. आमच्या नववीत तिशीचे गृहस्थही असत. त्यांतल्या एकाला त्यांनी याच्या शेजारी बसवलं, रोज साडेनवाला शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं. पहिले काही दिवस दोघांची नुसती भांडणं, "अरे हळू सांग," "अरे नीट लिही." मार्चपर्यंत दोघांचा सूर जमला. दहावीचा पास झाला. नववीच्या गृहस्थांचाही इतिहास त्यामुळे आयता तयार झाला, ही वरकमाई.

आमच्या पोरीला तिच्याच इमारतीतली नववीची मैत्रीण मिळाली आहे. सध्या रफारावरून वाद चालू आहे. अर्ज मात्र गेला. मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा साधा मराठी नमुना मी लिहून ठेवला आहे. कोणाच्या घरी गरज पडली तर कळवा, पाठवतो. आणि प्रमाणपत्रात हाताचं नाव, उजवा की डावा, आणि प्लास्टर कोणत्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांकडून आठवणीने लिहून घ्या.