हरवलेल्या मुलाचा पहिला पत्ता

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलाचा फोटो आला. रडून लाल झालेले डोळे, हातात कुणीतरी दिलेला बिस्किटाचा पुडा. खाली मजकूर : ‘बाजारात सापडला आहे. आईवडिलांपर्यंत पोचवा, शेअर करा.’ पोलिसांना कळवलं का, असं मी विचारलं. उत्तर आलं : ‘कशाला? मागे ससेमिरा लागतो. शिवाय पोलीस बघून पोरगं आणखी घाबरेल. आपणच शोधू की.’

लिहिणारा माणूस भला होता, मुलाला घेऊन तासभर उन्हात उभा होता. पण त्याचं म्हणणं चुकीचं होतं, आणि असं म्हणणारे इतके आहेत की ते खोडून काढणं मला भाग आहे.

आधी ससेमिऱ्याचं. 2015च्या बाल न्याय अधिनियमाचं 32वं कलम सांगतं की हरवलेलं मूल ज्याच्या ताब्यात येईल त्यानं 24 तासांच्या आत पोलीस ठाणं, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा 1098 ही हेल्पलाइन यांपैकी कुणाला तरी कळवलंच पाहिजे. प्रवासाचा वेळ त्यात धरलेला नाही. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे ज्या झंझटीला घाबरून आपण ठाण्यात जात नाही, ती न जाण्यानंच ओढवते.

आता ‘आपणच शोधू’. समजा, फोटो पाहून तासाभरात एक बाई आल्या, ‘माझं लेकरू!’ म्हणून रडू लागल्या. ग्रुप काय करणार? रडणं खरं वाटलं म्हणून मूल देऊन टाकणार? मुलानं कोणते कपडे घातलेत, अंगावर कुठे खूण आहे, हे सगळं फोटोसकट आपणच गावभर सांगून बसलेलो असतो. ठाण्यात नेमकं उलट घडायला हवं, आणि जाणता हवालदार तसंच करतो. मूल पुढ्यात आणण्याआधी तो येणाऱ्याला कपड्यांचा रंग विचारतो, घरचे जुने फोटो, जन्मदाखला, आधार पाहतो, आणि मग मुलाची नजर पाहतो. आईला पाहून मूल ज्या तऱ्हेनं झेपावतं, ते कागदात नसतं, पण कागदही लागतातच. अशा मुलाची ओळख परवानगीशिवाय जाहीर करायला याच कायद्याचं 74वं कलम मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि जमावानं मुलांची काळजी स्वतःच्या हातात घेतली की काय होतं, ते धुळे जिल्ह्यानं पाहिलं आहे. 1 जुलै 2018, राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच मोबाइलवरून फिरत होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं गावकऱ्यांनी ठेचून मारली. ती कुणाचंही मूल पळवायला आलेली नव्हती.

‘पोलीस बघून पोरगं घाबरेल’ हा आक्षेप मात्र मला जास्त लागतो, कारण त्याचे धनी आपण आहोत. जेवत नाहीस? थांब, पोलिसाला बोलावते. झोपत नाहीस? तो बघ, धरून नेईल. रोज दोन घासांसाठी आपण खाकीचा बागुलबुवा उभा करतो, आणि मग त्याच मुलानं गर्दीत हात सुटल्यावर खाकीकडे जावं अशी अपेक्षा धरतो. ते जात नाही. ते गाडीमागे, ओट्याखाली लपतं. मुलांशी बोलणारे पोलीस शक्यतो साध्या वेशात असावेत, मुलगी असेल तर महिला पोलीस असावी, असं नियम सांगतात. मुलांच्या मनातली भीती कायद्यालाही ठाऊक आहे. ती पेरणाऱ्यांनी तरी आता थांबावं.

सगळ्यात जड आक्षेप उरतो : ‘जाऊन पाहिलंय, येईल घरी म्हणून परत पाठवतात.’ हे मी नाकारणार नाही. एका ठाण्याच्या बाकावर मीही हे वाक्य ऐकलं आहे, आणि शेजारी बसलेल्या बापाचा चेहरा विसरलेलो नाही. पण हे वाक्य बेकायदा आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण वा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं मे 2013मध्ये दिला. 24 तास थांबण्याचा नियम कुठेही नाही. तो आदेश टेबलावर ठेवून हक्कानं बसायचं, उठायचं नाही. ठाण्याकडे पाठ फिरवली तर ते वाक्य तसंच चालू राहील.

आणि ठाण्यात राजेंद्र धोंडू भोसलेही भेटू शकतात. मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले हे सहायक उपनिरीक्षक. 2008 ते 2015 या काळात हद्दीतून 166 मुली हरवल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 165 शोधल्या. उरलेली एक सात वर्षांची, जानेवारी 2013मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली. 2015मध्ये भोसले निवृत्त झाले, तरी शोध सोडला नाही. पगार नाही, हुकूम नाही, कुणी विचारणारं नाही. ऑगस्ट 2022मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची होऊन, स्वतःच्या घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर. नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या ताब्यात होती, दुसऱ्या नावानं; मधली काही वर्षं मुंबईबाहेर, आणि शेवटी शेजारच्याच वस्तीत. त्या नऊ वर्षांत तिला किती शेजाऱ्यांनी पाहिलं असेल!

आमच्या ग्रुपवरच्या त्या मुलाला अखेर दोघीजणी चौकीत घेऊन गेल्या. तिथल्या महिला शिपायानं त्याला पत्ता विचारलाच नाही. घराजवळ काय दिसतं, एवढंच विचारलं. ‘मोठी घंटा,’ तो म्हणाला. मग ती त्याचं बोट धरून देवळाच्या गल्लीकडे निघाली, आणि वळण आल्यावर तोच तिला ओढत पुढे गेला.