वंशवृक्ष आणि चव्हाटा

श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह, प्रपितामह ही तीन नावे उच्चारून झाली, की आपल्यापैकी बहुतेकांचे कुलज्ञान संपते. मातृवर्गाची नावे विचारली, की यजमान घरातील वृद्धेच्या तोंडाकडे पाहू लागतो. ती वृद्धाही कायम राहणार नाही. म्हणूनच घराण्याची वंशावळ संगणकावर घालून ती दूरदूरच्या आप्तांना महाजालावर वाचावयास देण्याचा जो उद्योग काही कुटुंबांनी आरंभिला आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो.

किनारपट्टीवरील समाजास तर त्याची विशेष निकड आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. त्या धामधुमीच्या काळात कुलदेवता फोंड्याकडे हलविण्यात आल्या आणि कित्येक घराणी दक्षिणेस कारवार, अंकोला, कुमठ्याकडे गेली. कुलदेव मंगेशीस किंवा म्हार्दोळास आणि कूळ दुसऱ्याच मुलखात, अशी स्थिती झाली. पुढे १९८० नंतरच्या दशकात काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले. विस्थापितांचे पुनर्वसन रामनगरास झाले. त्याच जोयडा तालुक्यातील गुंदसारख्या रानातल्या गावची नवी पिढी शिक्षण व नोकरीसाठी बाहेर पडते. स्थलांतराच्या प्रत्येक फेऱ्यात नात्याचे काही धागे तुटतात.

ते जोडण्याची साधने आज सुलभ आहेत. वेबट्रीज, ग्रॅम्प्स या आज्ञावली विनामूल्य मिळतात. मॉर्मन पंथीयांनी १९८४ साली सिद्ध केलेला ‘गेडकॉम’ हा नोंदींचा नमुना दोन्हींना कळतो. त्यामुळे एकीतील माहिती दुसरीत नेता येते. या नमुन्यात प्रत्येक व्यक्तीची नोंद स्वतंत्र असते व ती आईबाप दोघांशीही जोडता येते. आमच्या पुष्कळ जुन्या वंशावळींत केवळ पुरुषशाखा वाढे. मुलगी सासरी गेली की तिची रेघ खुंटे आणि सुनेचे माहेर पुसले जाई. तो पक्षपात संगणकात उतरविण्याचे आता काहीच कारण नाही.

मात्र मृतांचा वृत्तांत वेगळा आणि जिवंतांची माहिती वेगळी. छापील कुलवृत्तांत बहुधा घराण्यातच फिरे. महाजालावरील पान कोणीही परका उघडतो. जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव या गोष्टी ओळख पटविण्यासाठी विचारल्या जातात आणि त्याच ठकसेनाच्याही उपयोगी पडतात. दत्तक, घटस्फोट या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतात, ते निराळेच. वेबट्रीज जिवंत व्यक्तींचे तपशील परक्यापासून मुळातच झाकून ठेवते. मृत्यूची नोंद नसेल, तर साधारणतः १२० वर्षे उलटेपर्यंत माणूस जिवंतच धरते. परंतु ही कडी काढणे संकलकाच्याच हाती असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या घरगुती वापरास वगळले आहे. तेव्हा घरची मर्यादा घरानेच पाळली पाहिजे.

आमचे सांगणे थोडके आहे. जिवंत माणसाच्या संमतीवाचून त्याची माहिती प्रसिद्ध करू नये. लेकीसुनांची नावे, माहेरासासरासह, गाळू नयेत. गेडकॉमची प्रत निदान चार घरांत असावी; कारण संकेतस्थळाचे भाडे भरणारा गेला, की संकेतस्थळही जाते. चवथीला सारी भावंडे मूळ घरी जमतील, तेव्हा आरती आटोपल्यावर घरातील वृद्धेजवळ वही घेऊन बसावे. संगणकाचे काम मागाहून होईल. तिच्या आठवणी मात्र थांबणाऱ्या नाहीत.