टिकेना ती ओळ

वाचकहो, हसू नका. पण आमच्या पाचोडच्या घरी संगणकात मी लिहिलेली एक ओळ वीज गेली की नाहीशी होई! यंत्रात उबुंटू. संकेतस्थळांचे पत्ते कोणाला विचारायचे, ते 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलीत असते. ती दुरुस्त केली की नेट सुरू. वीज गेली की पुन्हा ठप्प. चार दिवस हाच खेळ. आणि उद्या कन्येच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख!

अखेर एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. फाइल उघडून तो चाचरत म्हणाला, "सर, वरचा मजकूर वाचलात?" इंग्रजीत स्वच्छ लिहिले होते : येथे बदल करू नका. जन्मभर मुलांना 'आधी प्रस्तावना वाचा' म्हणून बजावणारा मी!

ती फाइल म्हणजे नुसता दुवा. खरी प्रत यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत; बंद पडले की पुसली जाते, सुरू होताना 'सिस्टिमडी-रिझॉल्व्ड' ती नव्याने लिहितो. विद्यार्थ्याने 'रिझॉल्व्ड.कॉन्फ'मध्ये, 'डीएनएस'पुढे पत्ता भरला.

मी मुद्दाम मेनचा खटका खाली ओढला. "आता आणखी काय केलंत?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज. खटका वर केला. यंत्र उठले, नेटही. अर्ज रात्री साडेअकराला गेला.