थ्रेड : तलवार उजळण्याआधी – जव्हार, मोखाडा आणि गंजलेले पाते

१/
दसरा जवळ आला की माळ्यांवरच्या, देव्हाऱ्यांतल्या जुन्या तलवारी खाली उतरतात. अलीकडे त्यांतल्या काही थेट ग्राइंडरच्या चाकावर चढू लागल्या आहेत. तासाभरात पाते लखलखते, छायाचित्रे निघतात, 'जीर्णोद्धार' केल्याचे समाधान मिळते. वस्तुतः तो जीर्णोद्धार नसतो. एखादा जुना दस्तऐवज खरवडून कोरा केल्यासारखाच तो प्रकार असतो. त्यातले नुकसान सर्वाधिक कोणाचे, हे जव्हारकडे पाहिले की कळते.

२/
जव्हार हे महादेव कोळ्यांचे संस्थान. मुकणे घराण्याची सत्ता येथे चौदाव्या शतकात उभी राहिली आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकली. एवढ्या दीर्घ राजवटीविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी बाहेरच्यांनी. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारला थांबले, विक्रमशहाने त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्या जागेला शिरपामाळ हे नाव पडले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तेच जव्हार जिंकून घेतले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. (इतिहासप्रेमींची स्मृतीही सोयीची असते.) जेथे कागद कमी, तेथे लोखंड बोलते. जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या घरात जुने पाते असेल, तर त्या घराचा तोच कदाचित एकमेव लेखी-अलेखी पुरावा असेल.

३/
पात्यावर काय असते? याचे उत्तर २०२५ मध्ये ठळकपणे समोर आले. लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांना घेतलेली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार ऑगस्टमध्ये मुंबईत आली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 'फिरंग'. मुठीजवळ, पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरी अक्षरे आहेत : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. तलवार कोणाची, पाते कुठले, हे त्या एका ओळीने सांगितले. पाठ चाकावर धरली असती, तर ती ओळ टिकली नसती आणि उरले असते एक चकचकीत, अनाम पाते.

४/
येथे जपानचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. तेथे जुन्या तलवारी उजळतात, मग येथे का नको?

उदाहरण खरे आहे, पण अर्धेच सांगितले जाते. जपानी उजाळणी हाताने, पाण्याने, खरबरीत दगडापासून अतिशय मऊ दगडापर्यंत पायरी-पायरीने चालते. ते काम शिकायला वर्षे लागतात. उजाळणीचा हेतू चकाकी हा नसतोच. धारेला पाणी देताना पोलादात जी रेघ उमटते, ती दिसावी यासाठी हा खटाटोप. त्यातही प्रत्येक उजाळणीत थोडे पोलाद कायमचे जाते. वरचे कठीण कवच झिजून आतले मऊ लोखंड दिसू लागले, की ते पाते 'थकले' असे जाणकार म्हणतात.

५/
आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुठीत बसणारा पात्याचा बुंधा. त्याला जपानी कारागीर हात लावत नाही. कारागिराची सही, कानशीचे व्रण आणि शतकांचा काळा गंज तेथे असतो; त्यावरूनच वय ठरते. तो गंज घासणे म्हणजे तलवारीची किंमत आणि ओळख दोन्ही पुसणे.

जपानी पात्याची ओळख मुठीआड सुरक्षित राहते. आपल्या तलवारीचा बुंधा मुठीत राळ-लाखेने पक्का बसवलेला. नाव, नाणे, ठसा, कोफ्तगरी हे सारे उघड्या पृष्ठभागावर. म्हणून जपानचा नियम येथे आणायचा असेल, तर तो बुंध्याचा नियम आणावा, दगडाचा नव्हे.

६/
ग्राइंडरचा दुसरा दोष उष्णतेचा. पातळ धार चाकावर तापते, निळसर झाक येते. तेव्हा त्या जागी पोलादाचे पाणी उतरलेले असते. आणि हिंदुस्थानी मुशीतल्या पोलादावर जी लहरींची नक्षी असते, जिला 'जौहर' म्हणत, ती एका घासणीत दिसेनाशी होते. (जव्हार या नावाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा.)

७/
आक्षेप असा की शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या तलवारी उजळतच होते. होय, कारण त्या तलवारी चाकरीत होत्या. बोहाड्यातल्या सोंगांचे मुखवटे पुन्हा रंगवतात, तेही योग्यच, कारण ते आजही नाचतात. चाकरी संपलेल्या तलवारीचे काम आता साक्ष देणे हे आहे. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ते याच अर्थाने.

८/
तरीही 'हात लावू नका' एवढे सांगून भागत नाही. जव्हारच्या पठारावरच्या पावसाळ्यात तांबडा, भुकटीसारखा सुटणारा गंज पाते खात राहतो. काळा, घट्ट बसलेला थर राहू द्यावा. तांबडा गंज शिलाई मशीनच्या तेलात मुरू देऊन बांबूच्या चपट्या काडीने अलगद काढावा. लिंबू, चिंच, राख, पॉलिश पेपर यांपैकी काहीही नको. पाते जुन्या म्यानात ठेवू नये. आतले लाकूड आणि चामडे ओल धरते. अक्षर किंवा सोन्याचा अंश दिसला, तर तेथेच थांबावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे.

९/
पूजा जरूर व्हावी. फक्त दुसऱ्या दिवशी हळदकुंकू कोरड्या मऊ फडक्याने टिपून, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावे. त्याच वेळी पात्याची लांबी, वजन, दोन्ही बाजूंची आणि पाठीची छायाचित्रे, आणि तलवार घरात कोणाकडून आली याबद्दल आजी-आजोबा जे सांगतात ते, सारे एका वहीत तारखेसह उतरवून घ्यावे.