काल्हेरास जर्दाळू कां लावूं नये

सुक्या मेव्याच्या दुकानांतील जर्दाळूचा भाव ऐकला कीं आपल्याही बांधाआंत हीं झाडें असावीं असें मनांत येणें साहजिक आहे. रोपें विकणारे ह्या मोहास खतपाणी घालण्यास तयारच असतात. आमचें मत मात्र स्पष्ट आहे: काल्हेरच्या बागाइतदारानें ह्या झाडाच्या नादीं लागूं नये.

जर्दाळू हें लडाख, काश्मीर, हिमाचल अशा थंड मुलखाचें झाड. हिवाळ्यांत पानें गाळून तें निजतें, आणि सुमारें सात अंश सेल्सिअसखालील थंडीचे शेंकडों तास मिळाल्यावांचून त्याचे कळे नीट जागे होत नाहींत. आतां आपल्याकडील थंडी पाहा. खाडीपलीकडे सांताक्रूझ येथें नोंदलेलें आजवरचें नीचांकी उष्णतामान ७.४ अंश, आणि तेंही जानेवारी १९६२ मधील एका दिवसाचें! जी थंडी तेथें एक तासही पडली नाहीं, ती काल्हेरास शेंकडों तास कोठून मिळणार? शिवाय चार महिन्यांचा आपला पाऊस. मुळांशीं पाणी तुंबलेलें ह्या झाडास मुळींच सोसत नाहीं.

ह्यावर पंजाबचा दाखला देण्यांत येतो. तेथील मैदानांत जर्दाळूचा भाऊबंद जो पीच, त्याच्या 'शान-ए-पंजाब'सारख्या कमी थंडीच्या जाती फळतात हें खरें. परंतु कमी थंडी म्हणजे थंडीच नको असें नव्हे. पंजाबचा पौष आणि कोंकणचा पौष एक नाहीं.

एवढें लिहिण्याचें कारण असें कीं, नुकसान केवळ रोपांच्या किंमतीचें नसतें. काल्हेर, कशेळी, पूर्णा ह्या पट्ट्यांतील भातखाचरांवर गेल्या कांहीं दशकांत गोदामें उभीं राहिलीं. ज्याच्यापाशीं एखादा एकर अजून उरला आहे, त्यानें चुकीच्या झाडामागें पांच वर्षें घालविलीं, तर फळबाग परवडत नाहीं असा समज करून घेऊन तोही एकर भाड्यानें देण्यास तो मोकळा होतो. दोष झाडाच्या निवडीचा. शिक्षा मात्र जमिनीस.

आंब्यास मोहोरापुरता जो गारठा लागतो तो येथें बहुधा मिळतो. हापूस आहेच; दापोलीच्या कृषि विद्यापीठानें १९८१ सालीं प्रसृत केलेला 'रत्ना' हा नीलम व हापूस यांचा संकरही विचारांत घ्यावा. दहा मीटर अंतरानें एकरीं ४० कलमें बसतात. खाडीलगतच्या जमिनीची खारटपणासाठीं आधीं परीक्षा करवावी; किंचित् खारें असल्यास चिकू आंब्यापेक्षां बरा. पाण्याचे चर खड्ड्यांच्याही आधीं काढावे, हें काम बहुतेक जण मागाहून करतात. कलमाचा सांधा मातीबाहेर ठेवावा, खुंटावरील फूट खुडावी आणि पहिलीं तीन वर्षें मोहोर काढून टाकावा. घरच्या मंडळींस तें आवडणार नाहीं, तरी काढावा.

नवें फळ विकावयास कोणी आला, तर आपल्या जिल्ह्यांत त्याचें झाड कोठें फळलें तें विचारावें आणि तेथें जाऊन फळ खाऊन यावें. पत्ता मिळाला नाहीं, तर त्याला चहा पाजून वाटेस लावावें.