पंपघरातला नळ

गेल्या श्रावणात अंबरनाथ स्टेशनचा जिना चढताना छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे झाले. दोन मिनिटे उभा राहिलो आणि सारे पूर्ववत. "वायू असेल," म्हणून लोकल पकडली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा सौ. बरोबर होती. "अहो, वायूला जिनाच बरा सापडतो!" म्हणाली, आणि मला थेट बदलापूरला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर मोठे बोलके. "उल्हास नदीचे पाणी तुमच्या टाकीत चढते ते पंपाने ना? हृदय म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेले दोन पंप. उजवा पंप अंगभरातून परतलेले काळसर रक्त फुप्फुसांत धाडतो. तिथे प्राणवायू घेऊन ते लालभडक होते, डावीकडे येते आणि डावा पंप ते महारोहिणीतून सर्वांगाला देतो. मध्ये झडपा अशा, की रक्त मागे फिरत नाही."

ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके; गुणाकार जवळजवळ ५ लिटर. अंगात रक्तही साधारण तेवढेच! १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वेने अशाच हिशोबाने दाखवले, की रक्त सतत नवे होऊन जिरत नाही. तेच ते फिरते. उल्हासनगरच्या पेढीत जमाखर्च लिहिण्यात जन्म गेलेला मी. मला हा गृहस्थ फार आवडला.

"मग एवढे रक्त असून हृदयालाच कमी का पडावे?" सौ.ने विचारले. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"वहिनी, पंपघरातून नदी जाते, पण रखवालदाराला प्यायला वेगळा नळच लागतो. महारोहिणीच्या उगमाशीच दोन बारीक रोहिण्या फुटतात, त्या खास हृदयाच्या. डाव्या पंपाच्या जाड भिंतीला रक्त पोचते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. आवळलेला स्नायू आपल्याच नळ्या दाबतो. जिन्यावर काम वाढते, विसावा आखडतो. त्यात नळी आतून अरुंद झाली असली, की छाती ओरडते. मात्र बसूनही कळ थांबली नाही, तर वायू म्हणू नका. तडक इस्पितळ गाठा."

पुढच्याच आठवड्यात मुंबईला तपासणी झाली. एक नळी बरीच बुजलेली निघाली. मनगटातून तार घालून तिच्यात जाळी बसवली. आता जिना चढतो, पण सावकाश. लोकल गेली तर जाऊ देतो. यंदा चकल्या मात्र मोजून मिळणार आहेत, आणि हा हिशोब माझ्याकडे नाही.